अपग्रेडनंतर हार्डवेअर दिसत नाही? ड्रायव्हर शोधण्याआधी बिघाड कुठे आहे ते शोधा

ऑपरेटिंग सिस्टीम अपग्रेड झाली, संगणक व्यवस्थित सुरू झाला, पण वाय-फायचं चिन्हच नाही. कुणाचा आवाज जातो, कुणाचा टचपॅड हलत नाही, कुणाची दुसरी डिस्क दिसेनाशी होते. मग घाईघाईने उपकरणाचं नाव आणि पुढे ‘ड्रायव्हर डाउनलोड’ (ड्रायव्हर म्हणजे सिस्टीमला ते उपकरण चालवता यावं म्हणून लागणारा प्रोग्रॅम) असं शोधलं जातं आणि जे पहिलं हाती लागेल ते इन्स्टॉल होतं. साधा बिघाड किचकट व्हायला तिथूनच सुरुवात होते. नवख्या माणसाला माझं आग्रहाचं सांगणं हे, की नेमकं काय तुटलंय ते कळेपर्यंत काहीही इन्स्टॉल करू नका. ते शोधायला फार ज्ञान लागत नाही, ठरावीक क्रमाने तपासावं लागतं. तो क्रम पुढे देतो आहे. भर विंडोज आणि लिनक्सवर आहे, मॅकबद्दल थोडक्यात.

उपकरण ‘सापडतं’ म्हणजे काय होतं

उपकरण वापरता येण्याआधी काही गोष्टी एकापाठोपाठ घडाव्या लागतात. आधी त्याला वीज मिळते. मग पीसीआय एक्सप्रेस किंवा यूएसबीसारख्या मार्गावरून ते आपला ओळख क्रमांक सांगतं. ऑपरेटिंग सिस्टीम तो क्रमांक आपल्या यादीत शोधते आणि जुळणारा ड्रायव्हर लावते. वाय-फाय, ब्लूटूथ, ग्राफिक्स अशा बऱ्याच उपकरणांत ड्रायव्हर लागल्यावर आणखी एक फर्मवेअर फाइल भरावी लागते, कारण त्यांच्या आतही एक छोटा प्रोसेसर असतो आणि त्याला स्वतःचा प्रोग्रॅम लागतो. सगळ्यात शेवटी ध्वनी, छपाई किंवा नेटवर्क सांभाळणारी सेवा ते उपकरण ॲपच्या हाती देते, तेही परवानगी असेल तर.

ह्यातली कुठलीही कडी तुटली तरी तुम्हाला पडद्यावर दिसतं ते एकच: उपकरण नाही. उपाय मात्र दर वेळी वेगळा. ओळख क्रमांकच पोहोचत नसेल तर जगातला कुठलाही ड्रायव्हर कामाचा नाही. ड्रायव्हर नीट लागलेला असेल आणि परवानगी अडली असेल, तर ड्रायव्हर काढून पुन्हा घालणं म्हणजे चालती गोष्ट मोडणं. म्हणून आधी तुटलेली कडी शोधायची.

सुरुवात वीज पूर्ण तोडून

विंडोज ८ पासून विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. ती चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, पूर्ण बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते. त्यामुळे अपग्रेडनंतर अडकून बसलेला ड्रायव्हर रोज बंद-चालू करूनही अडकलेलाच राहतो. ‘रीस्टार्ट’ केल्यावर मात्र खरोखर नवी सुरुवात होते. म्हणून पहिलं काम रीस्टार्ट. तेही एकदा नाही, अपडेटची यादी रिकामी होईपर्यंत. अपग्रेडनंतरचे पहिले काही तास विंडोज मागच्या मागे ड्रायव्हर उतरवत असतं, त्याला ते संपवू द्या.

तेवढ्याने भागलं नाही तर वीज तोडा. संगणक बंद करा, चार्जर किंवा पॉवर केबल काढा, सगळी यूएसबी उपकरणं काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा आणि पॉवरचं बटण १५ ते ३० सेकंद दाबून धरा. मदरबोर्डवर उरलेली वीज निघून जाते आणि वाय-फाय कार्ड, टचपॅड, कॅमेरा असे चुकीच्या स्थितीत गोठलेले भाग मुळापासून सुरू होतात. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर ही पायरी टाळूच नका. विंडोजने अर्धवट झोपवलेलं वाय-फाय कार्ड लिनक्सला जागं करता येत नाही, असं बऱ्याचदा होतं. तिथे फास्ट स्टार्टअप कायमचं बंद केलेलं बरं.

बाहेरून जोडायचं उपकरण असेल तर दुसरं पोर्ट आणि दुसरी केबल लावून पाहा. मध्ये हब असेल तर तो काढा. काही केबलींमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतातच. अशी केबल लावली की उपकरणाचा दिवा लागतो आणि संगणकाला काहीच कळत नाही.

यूईएफआयमध्ये एक नजर

संगणक सुरू होताना एफ२, एफ१० किंवा डिलीट दाबून यूईएफआय सेटअप उघडतो, म्हणजे जुन्या भाषेत बायोस. कुठली कळ ते बनावटीप्रमाणे बदलतं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी, ॲडव्हान्स्ड स्टार्टअप ह्या वाटेनेही तिथे जाता येतं. इथे पाहायचं ते एवढंच, की डिस्क यादीत आहे का आणि वाय-फाय, ब्लूटूथ, कॅमेरा, ऑडिओ ह्यांपैकी काही ‘डिसेबल्ड’ झालंय का. काही अपग्रेडबरोबर यूईएफआयचंही अपडेट येतं आणि त्यात जुन्या सेटिंग्ज पुसल्या जाऊ शकतात.

इथे दोन गोष्टींना हात लावू नका. डिस्कचा मोड, म्हणजे एएचसीआय, रेड किंवा व्हीएमडी, उगाच बदलला तर सुरू होणारं विंडोजही सुरू व्हायचं थांबतं. आणि डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क-एन्क्रिप्शन, चालू असेल तर सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) किंवा टीपीएम (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा चिप) ह्यांत फेरफार केल्यावर पुढच्या सुरुवातीला ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती तुमच्याकडे आहे ह्याची खात्री आधी करा, मगच काही बदला.

विंडोज काय म्हणतंय ते वाचा

विंडोजची कळ आणि एक्स एकत्र दाबा आणि डिव्हाइस मॅनेजर उघडा. उपकरणावर पिवळं चिन्ह असेल तर त्यावर दोनदा क्लिक करा. ‘डिव्हाइस स्टेटस’खाली एक कोड दिसेल. तो कोड नीट वाचला तर पुढचे कितीतरी तास वाचतात.

कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. हा सगळ्यात सरळ बिघाड. कोड २२ म्हणजे उपकरण कुणीतरी बंद करून ठेवलंय. उजवं क्लिक करून ‘एनेबल’ करा, काम झालं. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण उपकरण सुरू होत नाही. नव्या सिस्टीमवर जुना ड्रायव्हर तसाच उतरला की हा कोड हमखास भेटतो. कोड ५२ म्हणजे ड्रायव्हरच्या डिजिटल सहीची पडताळणी होत नाही. कोड ४८ म्हणजे ह्या ड्रायव्हरचा त्रास होतो हे माहीत असल्यामुळे विंडोजने तो मुद्दाम अडवला आहे. कोड ३९ म्हणजे ड्रायव्हरची फाइल खराब आहे, नाहीतर तिला चढू दिलं जात नाही.

कोड ३९ आला तर विंडोज सिक्युरिटीमध्ये डिव्हाइस सिक्युरिटी, त्यात कोअर आयसोलेशन उघडून पाहा. तिथलं ‘मेमरी इंटिग्रिटी’ चालू असेल तर तिच्या नियमांत न बसणारे जुने ड्रायव्हर विंडोज चढू देत नाही. अडलेल्या ड्रायव्हरची नावंही बऱ्याचदा तिथेच मिळतात. ती सोय बंद केली की उपकरण चालू होतं हे खरं, पण त्याच्या बदल्यात कर्नलचं संरक्षण कमी होतं. मी असल्या अदलाबदलीच्या विरोधात आहे. आधी त्या उपकरणाचा नवा ड्रायव्हर शोधा.

कोड ४३ ची गोष्ट वेगळी. उपकरणानेच आपण बिघडलो असं कळवल्यामुळे विंडोजने ते थांबवलेलं असतं. कारण ड्रायव्हर असू शकतं, खरोखरचा बिघाडही असू शकतं. यूएसबी उपकरणाच्या बाबतीत त्याच खिडकीतल्या ‘डिटेल्स’ टॅबवर ‘हार्डवेअर आयडीज’ निवडून पाहा. तिथे बनावटीचा क्रमांक ०००० आणि उपकरणाचा ०००२ असा दिसला, तर त्या उपकरणाला स्वतःची ओळखसुद्धा सांगता आलेली नाही. इथे ड्रायव्हर शोधण्यात वेळ घालवू नका. केबल, पोर्ट, वीज, नाहीतर खुद्द उपकरण, ह्यांतलंच काहीतरी आहे.

उपकरणाचं नावच यादीत नसेल तर ‘व्ह्यू’ मेनूतून ‘शो हिडन डिव्हायसेस’ निवडा. फिकट दिसणारी नावं म्हणजे पूर्वी कधीतरी जोडलेली, आत्ता न सापडणारी उपकरणं. तुमचं वाय-फाय कार्ड तिथे फिकट दिसत असेल आणि कोड ४५ असेल, तर विंडोजला त्याची आठवण आहे पण ते आत्ता मार्गावर नाही. परत वीज तोडण्याच्या पायरीकडे आणि यूईएफआयकडे जा.

अनोळखी नावामागचं खरं उपकरण

‘अदर डिव्हायसेस’खाली येणारी नावं नवख्याला काहीच सांगत नाहीत. काही नेहमीची सांगतो. ‘पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर’ म्हणजे इंटेलच्या संगणकांवर बहुधा मॅनेजमेंट इंजिनचा भाग. ‘एसएम बस कंट्रोलर’ दिसला म्हणजे चिपसेटचा (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांचा) ड्रायव्हर घातलेला नाही. ‘बेस सिस्टीम डिव्हाइस’ हे बऱ्याचदा मेमरी कार्ड रीडर निघतं. आणि डिस्प्ले ॲडॅप्टरखाली ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर’ असेल, तर ग्राफिक्स कार्डाचा खरा ड्रायव्हर गेलाय आणि विंडोज कामचलाऊ ड्रायव्हरवर पडदा दाखवतंय. पडदा ढोबळ दिसणं, दुसरा मॉनिटर न लागणं, ब्राइटनेस न बदलणं हे सगळं त्यातूनच येतं.

बाकी सगळ्यांसाठी हार्डवेअर आयडी. पीसीआय उपकरणात ‘व्हीईएन’नंतरची चार चिन्हं बनवणाऱ्या कंपनीची, ‘डीईव्ही’नंतरची चार त्या उपकरणाची. यूएसबीमध्ये हेच ‘व्हीआयडी’ आणि ‘पीआयडी’ असतं. इंटेलचा पीसीआय क्रमांक ८०८६ आहे, तिच्या १९७८च्या प्रोसेसरचाच आकडा. एएमडीच्या ग्राफिक्सचा १००२. हे दोन्ही क्रमांक एकत्र शोधले की नेमकी चिप कळते, आणि डब्यावरच्या नावापेक्षा हीच माहिती खरी. एकाच मॉडेलच्या लॅपटॉपमध्ये कधी एका कंपनीचं, कधी दुसऱ्या कंपनीचं वाय-फाय कार्ड असतं. नुसत्या मॉडेलच्या नावावर ड्रायव्हर घेणाऱ्यांची फसगत इथेच होते.

ड्रायव्हर घालायचा क्रम

ड्रायव्हर घालण्याची वेळ आली की बहुतेक लोक गेलेल्या उपकरणापासून सुरुवात करतात. ते उपकरण ज्या मार्गावर बसलंय तो मार्ग आधी नीट आहे का, हे पाहत नाहीत. आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपांत टचपॅड आय२सी नावाच्या मार्गावर असतो, आणि त्या मार्गाच्या कंट्रोलरला वेगळा ड्रायव्हर लागतो. इंटेलच्या संगणकांवर त्याला ‘सीरियल आयओ’ म्हणतात. तो ड्रायव्हर गेला की टचपॅड डिव्हाइस मॅनेजरमधून नावासकट नाहीसा होतो, मग टचपॅडचा ड्रायव्हर कितीदाही घाला. तीच गत काही लॅपटॉपांतल्या मायक्रोफोनची, कारण तो ध्वनीच्या वेगळ्या प्रोसेसरमागे असतो.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर ‘व्ह्यू’ मेनूतून ‘डिव्हायसेस बाय कनेक्शन’ निवडा. कोण कोणाच्या आधाराने उभं आहे ते झाडासारखं दिसतं. पिवळं चिन्ह असलेल्यांपैकी जो सगळ्यात वरच्या फांदीवर असेल त्यापासून दुरुस्ती सुरू करा. म्हणून क्रम असा: चिपसेट, मग सीरियल आयओ किंवा तत्सम कंट्रोलर, मग ग्राफिक्स, नंतर ध्वनी आणि नेटवर्क, शेवटी बाकीचं. प्रत्येकानंतर रीस्टार्ट करा आणि परत पाहा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने बरं झालं आणि कशाने बिघडलं हे तुम्हालाच कळणार नाही.

ड्रायव्हर घ्यायची पहिली जागा विंडोज अपडेट. सेटिंग्ज, विंडोज अपडेट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, ऑप्शनल अपडेट्स. इथे ‘ड्रायव्हर अपडेट्स’ अशी वेगळी यादी असते आणि ती आपोआप उतरत नाही, तुम्हाला खूण करावी लागते. दुसरी जागा लॅपटॉप किंवा मदरबोर्ड बनवणाऱ्याचं अधिकृत संकेतस्थळ. तिसरी, चिप बनवणाऱ्याचं. ‘तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर अपडेट करतो’ म्हणणारे प्रोग्रॅम ह्या यादीत नाहीत, आणि मी ते कुणालाही सुचवणार नाही. ते नेमकं काय बदलतात हे नंतर शोधता येत नाही, आणि चालू असलेल्या उपकरणांनाही हात लावतात.

अपग्रेडआधी उपकरण चालत होतं आणि आता कोड १० येतोय, तर ‘ड्रायव्हर’ टॅबवरचं ‘रोल बॅक ड्रायव्हर’ बटण आधी वापरून पाहा. ते फिकट असेल तर मागचा ड्रायव्हर साठवलेला नाही. मग ‘अपडेट ड्रायव्हर’, ‘ब्राउझ माय कॉम्प्युटर’, आणि पुढे ‘लेट मी पिक’ असं गेलं की संगणकावर असलेले सगळे जुळणारे ड्रायव्हर दिसतात. त्यांत मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण ड्रायव्हर असला तर तो लावून पाहा. ध्वनीच्या बाबतीत ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ हा सर्वसाधारण ड्रायव्हर बऱ्याचदा आवाज परत आणतो.

एक अडचण उपायापलीकडची आहे. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. ज्या जुन्या स्कॅनरचा किंवा टीव्ही कार्डाचा ड्रायव्हर फक्त ३२ बिटचा होता, तो ह्या सिस्टीमवर चढणार नाही, कितीही ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ लावला तरी.

इंटरनेटच गेलं असेल तर

ड्रायव्हर इंटरनेटवर, आणि गेलंय तेच वाय-फाय. अशा वेळी स्मार्टफोन यूएसबी केबलने जोडा आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. अँड्रॉइड फोन संगणकाला तारेचं नेटवर्क कार्ड म्हणून दिसतो, आणि त्याला लागणारा ड्रायव्हर विंडोज आणि लिनक्स दोन्हींत आधीपासून असतो. फोन वाय-फायला जोडलेला असेल तर बहुतेक फोनांवर तेच वाय-फाय संगणकाला मिळतं, मोबाइल डेटा खर्चावा लागत नाही. ही युक्ती प्रत्येकाने लक्षात ठेवावी असं मला मनापासून वाटतं.

वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डावर असले तरी संगणकाला ती बहुधा दोन उपकरणं दिसतात. वाय-फाय पीसीआय एक्सप्रेसवरून, ब्लूटूथ यूएसबीवरून. म्हणून एक चालू आणि दुसरं बंद असणं शक्य आहे, आणि दोघांचे ड्रायव्हरही वेगळे.

लिनक्सवर हेच तपासणं

इथल्या आज्ञा मी देवनागरीत लिहितोय. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत लिहायच्या.

‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा, त्यापुढे जागा सोडून एक डॅश आणि त्याला जोडून ‘एनएनके’. ही आज्ञा प्रत्येक पीसीआय उपकरणाचं नाव आणि ओळख क्रमांक सांगते, आणि त्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ देते. ती ओळ असेल तर ड्रायव्हर लागलेला आहे. ती नसून फक्त ‘कर्नल मॉड्यूल्स’ (मॉड्यूल म्हणजे कर्नलला जोडायचा ड्रायव्हर) असेल, तर ड्रायव्हर संगणकावर आहे पण लागलेला नाही. दोन्ही नसतील तर ह्या कर्नलकडे त्या उपकरणासाठी काहीच नाही. आणि उपकरणच यादीत नसेल तर गोष्ट वीज, यूईएफआय किंवा हार्डवेअरकडे जाते. यूएसबीसाठी ‘एलएसयूएसबी’. एवढ्या दोन आज्ञांत बिघाड कुठल्या टप्प्यावर आहे ते जवळजवळ कळतं.

पुढची पायरी ‘डीएमईएसजी’, म्हणजे कर्नलची नोंदवही. ती आधी सुडो लावून, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने, चालवा आणि त्यात ‘फर्मवेअर’ हा शब्द इंग्रजीत शोधा. फर्मवेअर फाइल चढवताना ‘एरर उणे २’ आली तर ती फाइल डिस्कवर सापडलेली नाही. पण इंटेलच्या वाय-फायबाबत ही ओळ पाहून लगेच घाबरू नका. तो ड्रायव्हर नव्या आवृत्तीची फाइल आधी शोधतो, नाही मिळाली की एकेक जुनी, आणि प्रत्येक वेळी ही तक्रार लिहितो. खाली ‘लोडेड फर्मवेअर व्हर्जन’ अशी ओळ असेल तर वरच्या तक्रारी सोडून द्या.

फर्मवेअर हरवण्याचं एक ठळक उदाहरण डेबियन ह्या लिनक्स वितरणाचं. १० जून २०२३ रोजी आलेल्या डेबियन १२ मध्ये मुक्त नसलेल्या फर्मवेअरसाठी ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ असा स्वतंत्र विभाग केला गेला. त्याआधी ती पॅकेजेस ‘नॉन-फ्री’मध्ये होती. डेबियन ११ वरून आलेल्यांनी सोर्सेस लिस्टमध्ये (पॅकेजेस कुठून घ्यायची त्या यादीत) हा नवा विभाग लिहिला नाही, तर फर्मवेअरची नवी पॅकेजेस त्यांना मिळत नाहीत. अपग्रेडआधी प्रकाशन टिपा वाचायच्या त्या ह्याचसाठी. उबुंटू ह्या दुसऱ्या वितरणाचं अपग्रेड बाहेरची भांडारं बंद करून ठेवतं, त्यामुळे तिथून घेतलेला ड्रायव्हरही जुन्याच आवृत्तीवर अडकतो.

कर्नलबाहेरून येणारे ड्रायव्हर, म्हणजे एनव्हिडियाचा किंवा ब्रॉडकॉमच्या काही वाय-फाय कार्डांचा, प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावे लागतात. ते काम डीकेएमएस नावाचं साधन करतं, पण नव्या कर्नलची हेडर्स पॅकेजेस, म्हणजे ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फाइली, असतील तरच. ‘डीकेएमएस स्टेटस’ चालवा. मॉड्यूलपुढे जुन्याच कर्नलचा आकडा दिसला तर बिघाड सापडला. हेडर्स घाला आणि मॉड्यूल पुन्हा बांधा. एनव्हिडियाच्या जुन्या कार्डांना ड्रायव्हरच्या शाखेची, म्हणजे आवृत्त्यांच्या मालिकेची, मर्यादाही आहे. केप्लर पिढीची कार्डं ४७० च्या शाखेपर्यंतच चालतात, फर्मी पिढीची ३९० पर्यंत. लिनक्सच्या नव्या आवृत्तीत ती शाखाच नसेल तर मुक्त ‘नूव्हो’ ड्रायव्हरवर यावं लागतं.

आणि मॉड्यूल बांधलं गेलं तरी सिक्युअर बूट ते अडवू शकतं. इन्स्टॉल करताना तुम्हाला एक पासवर्ड ठरवायला सांगितलं जातं आणि पुढच्या रीस्टार्टला निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ असा पर्याय येतो. तो काही सेकंदच थांबतो. काय आहे ते न कळून लोक ‘कंटिन्यू बूट’ दाबतात, आणि मॉड्यूल बाहेरच राहतं. त्या पडद्यावर एनरोल निवडून तोच पासवर्ड द्यायचा.

सगळ्यात सोपी कसोटी मात्र जुना कर्नल. सुरुवातीला ग्रबच्या, म्हणजे काय सुरू करायचं ते निवडायच्या, यादीत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन मागचा कर्नल निवडा. यादी दिसत नसेल तर सुरू होताना एस्केप किंवा शिफ्ट दाबा. त्यावर उपकरण चाललं तर हार्डवेअर धडधाकट आहे, बदल नव्या कर्नलमध्ये किंवा त्याच्या मॉड्यूलमध्ये आहे. दुरुस्ती होईपर्यंत त्याच जुन्या कर्नलवर काम चालू ठेवता येतं.

लिनक्सवर काही वेळा उपकरण सापडलेलं असतं आणि फक्त नाव बदललेलं असतं. नेटवर्क कार्ड ‘ईटीएच०’ ऐवजी ‘ईएनपी’ने सुरू होणाऱ्या नावाने येतं आणि जुन्या नावावर लिहिलेली मांडणी मुकाट्याने निकामी होते. वाय-फाय बंद दिसलं तर ‘आरएफकिल लिस्ट’ चालवून ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ आहे का पाहा. आवाजाच्या यादीत फक्त ‘डमी आउटपुट’ दिसलं, तर नव्या इंटेल लॅपटॉपांवर ‘साउंड ओपन फर्मवेअर’चं पॅकेज आहे का ते बघा. बऱ्याचदा तेवढंच राहिलेलं असतं.

डिस्क दिसत नसेल तर सावकाश

इथे घाईची किंमत डेटात मोजावी लागते. फाइल एक्सप्लोररमध्ये डिस्क नाही म्हणजे डिस्क नाही, असं नसतं. विंडोजची कळ आणि एक्स दाबून डिस्क मॅनेजमेंट उघडा. डिस्क तिथे निळ्या पट्टीसह दिसतेय पण तिला अक्षर नाही, तर उजवं क्लिक करून ‘चेंज ड्राइव्ह लेटर’मधून अक्षर द्या. डेटा जिथल्या तिथे असतो.

विंडोजने ‘ही डिस्क इनिशलाइज करायची का’ किंवा ‘फॉरमॅट करायची का’ असं विचारलं, तर नाही म्हणा. हा प्रश्न रिकाम्या डिस्कसाठी असतो, पण ज्या डिस्कची मांडणी विंडोजला वाचता येत नाही तिलाही तो तोच प्रश्न विचारतं. लिनक्सने फॉरमॅट केलेली डिस्क, रेडचा (अनेक डिस्क एकत्र बांधण्याच्या पद्धतीचा) भाग असलेली डिस्क, नुसती बिघडू लागलेली डिस्क, सगळ्यांना. आधी तीच डिस्क दुसऱ्या संगणकावर किंवा लिनक्सच्या लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्सवरून, पाहा. वाचता आली तर पहिलं काम डेटाची प्रत. ते झाल्यावर बाकी दुरुस्ती.

उपकरण आहे, ॲप नाही म्हणतं

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॅमेरा नीट दिसतो, कोड नाही, तरी व्हिडिओ कॉलमध्ये काळा चौकोन. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, कॅमेरा उघडा, आणि तसंच मायक्रोफोनचंही. डेस्कटॉप ॲप्सची परवानगी खाली वेगळी असते, तीही पाहा. काही लॅपटॉपांवर कॅमेऱ्याला वेगळी कळ किंवा सरकती झाकणी असते. आवाजाचं तर बऱ्याचदा एवढंच होतं, की अपग्रेडनंतर मॉनिटरचे स्पीकर मुख्य आउटपुट ठरलेले असतात. प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसला तर तो यादीतून काढून पुन्हा जोडा. ड्रायव्हरपेक्षा हरवलेला पोर्ट हेच त्याचं नेहमीचं कारण.

मॅकवर परवानगीची बाजू आणखी कडक. ॲपल सिलिकॉनच्या, म्हणजे ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या, लॅपटॉपांवर मॅकओएसच्या २०२२च्या व्हेंचुरा आवृत्तीपासून नवं यूएसबी उपकरण जोडताना संमती मागितली जाते. ती नाकारली गेली असेल तर उपकरण चार्ज होतं, दिसत नाही. ऑडिओ इंटरफेससारख्यांच्या सिस्टीम एक्स्टेन्शनलाही सेटिंग्जमधून वेगळी मंजुरी द्यावी लागते. खरी यादी पाहायची तर ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ उघडा.

हार्डवेअर की सॉफ्टवेअर, शेवटची कसोटी

सगळं करूनही निर्णय होत नसेल तर लिनक्सची लाइव्ह यूएसबी बनवा आणि काहीही इन्स्टॉल न करता तिच्यावरून संगणक सुरू करा. उपकरण तिथे चाललं तर ते शाबूत आहे, तुमच्या सिस्टीममध्ये काहीतरी अडलंय. तिथेही यादीत नसेल आणि यूईएफआयमध्येही नसेल, तर कार्ड सैल झालंय किंवा गेलंय. अपग्रेडच्याच दिवशी हार्डवेअर बिघडणं हा योगायोग वाटतो, पण अपग्रेडमध्ये डिस्क आणि प्रोसेसरवर बराच ताण येतो, आणि आधीच कमकुवत झालेला भाग त्यात उघडा पडू शकतो.

विंडोजवर मागे फिरायचं असेल तर सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरीमध्ये ‘गो बॅक’ असतं. ते साधारण १० दिवसच टिकतं. जागा मोकळी करताना ‘विंडोज.ओल्ड’ फोल्डर पुसलं तर त्याआधीच जातं. म्हणून उपकरणं सगळी नीट चालतात हे कळेपर्यंत साफसफाई करू नका. विंडोज १० वर परतताना हेही ध्यानात घ्या, की त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.

दुसऱ्याची मदत मागायची वेळ आली तर पडद्याचा अंधुक फोटो पाठवू नका, मजकूर पाठवा. उपकरणाचे दोन्ही ओळख क्रमांक, सिस्टीमची आवृत्ती, लिनक्स असेल तर कर्नलचा आकडा, कोड किंवा नोंदवहीतली नेमकी ओळ, अपग्रेड कशावरून कशावर केलं, आणि आतापर्यंत काय काय करून पाहिलं. अनुक्रमांक आणि मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) काढून टाका, त्यांची कुणाला गरज नसते.

उपकरणं सगळी चालू लागली की विंडोजवर आणखी एक काम करून ठेवा. दुसऱ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर एक रिकामं फोल्डर बनवा. टर्मिनल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि ‘पीएनपीयूटिल’, मग जागा सोडून स्लॅशला जोडून ‘एक्स्पोर्ट-ड्रायव्हर’, मग एक तारका चिन्ह (*) आणि शेवटी त्या फोल्डरचा पत्ता, असं लिहा. बाहेरून आलेले सगळे ड्रायव्हर त्यात उतरतात. पुढच्या अपग्रेडनंतर कोड २८ दिसला आणि इंटरनेट नसलं, तर ‘अपडेट ड्रायव्हर’मधून तेच फोल्डर दाखवायचं.